सातव्या गल्लीतली रिकामी घरं

२ नोव्हेंबर

मेदेतचा सातवा झाला. सकाळपासून बोर्सोक तळले. कणकेचे चौकोनी तुकडे तेलात फुगतात, त्यांचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो असं आई सांगायची. तळताना एकच गोष्ट डोक्यात होती — कोंडलेल्या कोळशाच्या विषारी वायूला म्हणे वासच नसतो. डॉक्टरने सांगितलं. म्हणजे माझ्या भावाला शेवटी कसलाच वास आला नाही.

माइराम, मेदेतची बायको, भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्या आठवड्यात ती दोन्ही मुलींना घेऊन माहेरी गेली होती म्हणून तिघी वाचल्या. हे ती मला रोज एकदा सांगते. माफी मागितल्यासारखं सांगते. मी चहा ओतते.

बाबा उद्या डोंगरात, नारीनला परत जाणार. एक्याऐंशी वर्षांचे आहेत. अंगणात उभारलेला शोकाचा तंबू त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ट्रकमध्ये चढवला, कोणाला हात लावू दिला नाही. रडले नाहीत. मीही नाही.

४ नोव्हेंबर

कामावर गेले. सगळे हळू आवाजात बोलतात. बरं वाटतं.

६ नोव्हेंबर

बावीस वर्षं या खात्यात काम करते आणि वहीत कधी कामाबद्दल एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते.

आम्ही शहरातल्या घरांचे आकडे ठेवतो. किती घरं, कोणाची, किती भरलेली, किती रिकामी. आणि साध्या पगाराच्या माणसाला त्यातलं एक विकत घ्यायचं तर किती वर्षांचा पूर्ण पगार लागेल. या शेवटच्या आकड्याला ऑफिसात सगळे नुसतं ‘वर्षं’ म्हणतात. गेल्या साली अकरा वर्षं होती. यंदा साडेआठ आली!

एर्निस बाइके आमचे साहेब. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना बाइके म्हणतात, दादा म्हणावं तसं. आज फार खूश होते. “साडेआठ, ऊलकान! हा कागद मी वरच्या बैठकीत छातीला लावून नेणार.”

अलीना आमच्याकडे कॉम्प्युटरवर याद्या जुळवण्याचं काम करते. चोवीस वर्षांची आहे, तिघींबरोबर एका भाड्याच्या खोलीत राहते. मान वर न करता म्हणाली, “साडेआठ वर्षं काही खाल्लं नाही तर ना, बाइके. मी दुपारी एक साम्सा खाते.”

“मग साम्सा सोड!”

“सोडला तर किती, दोन महिने कमी होतील. मग स्वतःच्या घरात उपाशी झोपेन.”

सगळे हसले, मग माझ्याकडे बघून गप्प झाले. मला हसलेलं चाललं असतं.

वर्षं कमी झाली ती रिकाम्या घरांमुळे. शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये अकराशे चाळीस रिकामी घरं निघाली, सगळी स्वस्तातली. ती ‘उपलब्ध’ म्हणून धरली की सरासरी खाली येते. यादी मार्चमध्ये झाली. तपासायला माझ्याकडेच होती.

८ नोव्हेंबर

दुपारी मेदेतचं घर यादीत शोधलं. का शोधलं माहीत नाही. त्याचं काहीतरी बघावंसं वाटलं असेल.

सापडलं.

कुम-बुलाक वस्ती. गल्ली सात. घर अठरा. मालक: शुम्करबाय. नागरिकांच्या नोंदीत असा माणूस नाही. वीजजोडणी नाही. वर्ग: रिकामं.

माझ्या वडिलांचं नाव बुर्कुतबाय. बुर्कुत म्हणजे गरुड. शुम्कर म्हणजे ससाणा. आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, थोरल्या दिराचंही घेत नाही. जवळचा दुसरा शब्द शोधून काढते आणि जन्मभर तोच वापरते. शहरातल्या मुली आता हे पाळत नाहीत, पण माइराम डोंगरातली आहे. अकरा वर्षं ती बाबांना शुम्करबाय म्हणते. जगात दुसरं कोणी म्हणत नाही. बाबांनाही आवडतं — म्हणतात, म्हातारपणी गरुडाचा ससाणा होतोच.

जमीन बाबांच्या नावावर घेतली होती, कारण तेव्हा मेदेत रशियात बांधकामावर होता. वीज शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतली होती. मोजणीला आलेल्या पोराने विचारलं असणार, घर कोणाचं? माइरामने सांगितलं असणार. त्याने लिहून घेतलं.

पानाच्या तळाशी सही आहे. ऊ. बु. माझी.

९ नोव्हेंबर

उन्हाळ्यात गॅसचा पाइप कुठे न्यायचा ते ठरलं. ठरलं आमच्या यादीवरून. ज्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं भरलेली, तिथे पाइप. सातव्या गल्लीत एक्केचाळीस घरं. आमच्या कागदावर त्यातली सव्वीस रिकामी. पाइप सहाव्या गल्लीच्या टोकाला येऊन थांबला.

म्हणून कोळसा.

आज एवढंच.

१० नोव्हेंबर

मार्चमध्ये मी रोज चाळीस पानं तपासायचे. ओळी वाचायचे नाही, बेरजा वाचायचे. बेरजा बरोबर होत्या.

१३ नोव्हेंबर

सातवी, आठवी, नववी, या तीन गल्ल्यांच्या ‘रिकाम्या’ ओळी काढून बसले. शहाण्णव. आता वाचता येतात! मालक बेइशेम्बाय, नोंदीत सापडत नाही. बेइशेम्बी म्हणजे गुरुवार. त्याच घरात जुमाबाय नावाचा म्हातारा राहतो, मला माहीत आहे, मेदेतच्या मातीला आला होता. जुमा म्हणजे शुक्रवार. सुनेने सासऱ्याला एक दिवस मागे ढकललं आणि आम्ही त्याला घरातून काढून टाकलं.

अलीनाला दाखवलं. ती मला एजे म्हणते, ताई म्हणावं तसं. तिला समजेना.

“पण एजे, खोटं नाव का सांगतील त्या? काय मिळतं?”

“खोटं नाही. आदराचं आहे.”

“आदराने म्हाताऱ्याला नाहीसं केलं?”

“नाहीसं आपण केलं. तू आणि मी.”

तिचा चेहरा उतरला. जास्त कडक बोलले मी. मग तिनेच मोजणीच्या वेळा काढून दिल्या. मोजणीदार सगळे विद्यार्थी, सकाळी दहा ते दुपारी दोन. त्या वेळी घरात कोण असतं? पुरुष बाजारात नाहीतर परदेशात, सासवा दवाखान्याच्या रांगेत. दार उघडणार सून.

“म्हणजे जिथे दार सासूने उघडलं ते घर भरलेलं,” अलीना म्हणाली, “आणि जिथे सुनेने उघडलं ते रिकामं. माझी आजी ऐकेल तर म्हणेल, बरोबरच आहे, सुनेला कोण माणसात धरतं!”

हसू आलं. भावाला जाऊन अठरा दिवस झाले आणि मला हसू आलं.

१५ नोव्हेंबर

एर्निस बाइकेंना सांगितलं. मेदेतचं नाव काढलं नाही. फक्त नियम, सुना, नावं. त्यांनी पेन खाली ठेवलं, खिडकीबाहेर बघितलं. बाहेर धूर होता, समोरची इमारतही दिसत नव्हती.

“ऊलकान, रिकामी असू द्या.”

“माणसं राहतात तिथे, बाइके.”

“असू द्या म्हणतो. रिकाम्या घराला कोणी काही विचारत नाही.”

“गॅसही कोणी देत नाही.”

“तुम्ही दुःखात आहात. रजा घ्या.”

त्यांना साडेआठ वर्षं जपायची आहेत. मी रजेचा अर्ज लिहून दिला. सुट्टीचे वार सोडून दहा दिवसांचा, पंचवीसपासून.

२० नोव्हेंबर

माइरामकडे. तीच शेगडी, तीच भिंत, धुराड्याची नळी तेवढी नवी. मेदेत ज्या गादीवर झोपला होता ती तिने बाहेर तारेवर टाकली आहे, आत घेत नाही, टाकूनही देत नाही.

म्हटलं, हिवाळाभर मुलींना घेऊन माझ्याकडे ये. एकच खोली आहे, पण इमारतीला गरम पाण्याचे पाइप आहेत.

“नको, एजे.”

“का नको?”

“घर सोडलं तर दुसरं कोणी घुसेल. तुमच्या कागदावर रिकामं आहेच, मग खरंच रिकामं होईल.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. यादीचं मीच तिला मागच्या आठवड्यात सांगितलं होतं. ती तेव्हा एवढंच म्हणाली होती, “म्हणजे मी नाव घ्यायला हवं होतं का?”

नाही. नाही, माइराम. तू नाही.

मुली त्या खोलीत झोपतात. मी धुराड्याच्या नळीवर हात फिरवून फट आहे का बघितलं, मग पुन्हा बघितलं. धाकटी म्हणाली, “आत्या, तू पण मोजतेस का?” तिला म्हणे मेदेतने सांगितलं होतं की आत्या शहरातली सगळी घरं मोजते.

इथे एक लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार. दोन वर्षांपूर्वी मेदेत माझ्याकडे आला होता. थोरल्या मुलीचं, अयदायचं, नाव शाळेत घालायचं होतं, कुम-बुलाकचा पत्ता शाळा घेईना. तुझ्या पत्त्यावर नोंद कर म्हणाला, फक्त कागदावर. मी म्हटलं, मी या खात्यात आहे, माझ्याच घरात खोटी माणसं दाखवू? नियमात बसत नाही. तो हसला. “बरं, एजे. नियम तर नियम.” मग पोर वर्षभर घरी राहिली. तो पुन्हा कधी काही मागायला आला नाही. यायचा, चहा प्यायचा, नळ दुरुस्त करून जायचा.

खोट्या माणसांची मला एवढी काळजी होती.

२४ नोव्हेंबर

सातव्या गल्लीत पहिला दिवस. कोरे फॉर्म पिशवीत, बूट चिखलात. चौकटीत नाव मोजणीदाराने लिहायचं असा नियम आहे. पण नाव बोलायला बंदी, लिहायला कुठे आहे? मी पेन पुढे केलं. “तोंडाने नको. तू लिही.”

पहिल्या घरातली सून पेनाकडे बघत राहिली. लिहायला लागली, मध्येच थांबली, डावा तळवा कागदावर आडवा धरला आणि त्याच्या आड उरलेली अक्षरं लिहिली. कागद उलटा करून मला दिला. तिचा श्वास लागला होता! वीस वर्षांची असेल. म्हणाली, “सासूबाईंना सांगू नका हं, एजे.”

अकरा घरं झाली. अकराही भरलेली.

२५ नोव्हेंबर

एका घरात तीन जावा. तिघींनी मिळून एक नाव लिहिलं, प्रत्येकीने दोन-दोन अक्षरं. म्हणजे कोणा एकीवर दोष नको. धाकटी म्हणाली, “माझ्या वाट्याला शेवटची आली, मी सुटले, तेवढ्याने काही अर्थ होत नाही.” थोरली म्हणाली, “तुझ्या बोलण्यालाही होत नाही!”

चहा प्यायल्याशिवाय सोडेनात. घराच्या बरोबर वरून, या तिन्ही गल्ल्यांवरून, मोठ्या विजेच्या तारा जातात, सतत गुणगुणतात. धाकटी म्हणाली, “आमच्याकडे चहा लवकर उकळतो, एजे, वरून पण आच आहे.”

२७ नोव्हेंबर

सापारगुल आपा, शेवटच्या घरातली म्हातारी, सत्तरी कधीच ओलांडलेली. मला वाटलं इथे तरी अडचण नाही. सासरा मेला, सासू मेली, नवरा मेला. तरी नाव घेईना, नवऱ्याचंसुद्धा.

“आपा, आता कोण ऐकतंय?”

“मेलेल्यांना जास्त ऐकू येतं, बाई. जिवंत असताना तर ते बहिरेच होते.”

लिहिता येत नाही म्हणाली. मग नातीला हाक मारून तिच्या कानात सांगायला गेली, अर्ध्यावर थांबली, तिलाच म्हणाली, “तुझ्या बापाच्या बापाचं नाव काय गं? सांग या बाईला मोठ्याने. मी कान झाकते.” आणि खरोखर दोन्ही हातांनी कान झाकून बसली.

मला आईची आठवण आली. आई मेदेतला ‘माझं लहानगं’ म्हणायची, तो चाळिशीला आला तरी.

३० नोव्हेंबर

आज शनिवार म्हणून अलीना मदतीला आली. शहरी बूट घालून. नवव्या गल्लीत दोनदा पडली, बायकांनी तिला कोरडे मोजे दिले. परत येताना मिनीबसमध्ये म्हणाली, “एजे, शहाण्णवातली एकोणनव्वद भरलेली आहेत. बाकीच्या वस्त्यांतही असंच असेल तर वर्षं अकराच्या खाली आलेलीच नाहीत.”

“हं.”

“म्हणजे मी एकटीच मूर्ख नाही. मला वाटायचं सगळ्यांना परवडतंय, मलाच नाही.”

४ डिसेंबर

माइरामचा फॉर्म मी शेवटी ठेवला होता. आज तिने लिहिलं. बुर्कुतबाय. अक्षर सुंदर आहे तिचं, मला माहीतच नव्हतं. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.

“आता गॅस येईल ना, एजे?”

“पुढच्या हिवाळ्याआधी. आपण निम्म्याच्या वर गेलो आहोत.”

मी असं कधी कोणाला वचन देत नाही.

५ डिसेंबर

चाळिसावा. बाबा आले होते. मेंढी कापली, कुराण वाचलं. बाबांनी हात वर करून दुआ मागितली, आमेन म्हणताना आवाज फुटला. त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. माइरामने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि त्यांच्यापुढे पाण्याची वाटी सरकवली.

मी अजून रडले नाही. बायका आपसात बोलत असतील. बोलू देत.

९ डिसेंबर

रजा संपली. एकोणनव्वद फॉर्म एर्निस बाइकेंच्या टेबलावर ठेवले. वर मेदेतच्या मृत्यूचा दाखला ठेवला, पत्ता दिसेल असा.

त्यांनी दाखला वाचला. फॉर्म उलटसुलट केले.

“ही नावं कोणी लिहिली? अक्षर तुमचं नाही.”

“सुनांनी.”

“सगळी?”

“तीन नातींनी.”

फॉर्म खाली ठेवत म्हणाले, “माझी बायको माझ्या बापाला अजून ‘डोंगरावरचे’ म्हणते. बाप जाऊन चौदा वर्षं झाली.” मग, “ऊलकान, मला भावाचं आधी का नाही सांगितलंत? कुठे राहत होता ते.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“तुम्ही एकदा ठरवलं की...” पेन उचललं, पुन्हा ठेवलं. “नीट विचार केलाय ना?”

केलाय म्हटलं. त्यांनी सही केली. सही करताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, मला वाटलं साडेआठ वर्षांसाठी एवढं दुःख!

२६ डिसेंबर

बदल नोंदीत चढला. शहराची वर्षं साडेआठवरून आठ वर्षं आठ महिने झाली. वरच्या बैठकीत बाइकेंना बोलणी बसली, असं ऐकलं. त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. अलीनासाठी साम्सा घेऊन आले, गरम, कागदात गुंडाळलेला. “खा. दोन महिने वाढलेच आहेत.”

मी स्क्रीनवर ती ओळ उघडून बघितली. घर अठरा. मालक: बुर्कुतबाय. वर्ग: वस्ती आहे. राहणारी माणसं: तीन.

चार हवी होती.

१ जानेवारी

बर्फ. दिवसभर झोपून काढला.

१६ जानेवारी

तिसऱ्या मजल्यावरच्या विभागाने आमच्याकडे पत्र पाठवलं — कुम-बुलाक, गल्ली सात ते नऊ, भरलेल्या घरांची यादी फॉर्मच्या प्रतींसह पाठवावी. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी आमची यादी मागून नेली! नाहीतर आम्ही पाठवतो आणि ते कपाटात ठेवतात. मी स्वतः प्रती काढल्या, स्वतः वर नेऊन दिल्या. तिथल्या बाईने पोच दिली आणि म्हणाली, “किती नीट काम आहे हो. प्रत्येकाचं हस्ताक्षर!”

खाली येताना जिन्यात पाय हलके वाटले. मेदेतला सांगावंसं वाटलं.

बाइकेंना सांगितलं तर ते नुसते “हं” म्हणाले आणि लवकर घरी गेले.

३ फेब्रुवारी

दुपारी माइरामचा फोन, आवाज ओळखू येईना इतका मोठा. “एजे! गॅसवाले आले! चौघं आहेत, टेप धरून मोजताहेत. सगळ्या फाटकांवर लाल रंगाने नंबर घातले!”

मागे मुलींचा ओरडा ऐकू येत होता. गल्लीतल्या बायकांनी त्या माणसांना आत बोलावलं, चहा दिला, कोणी लोणी काढलं, कोणी बोर्सोक. सापारगुल आपाने म्हणे एकाच्या खिशात जर्दाळू कोंबले आणि सांगितलं, “आमच्याकडून सुरुवात कर, मी सगळ्यात म्हातारी, मला वेळ कमी आहे.” तो पोरगा लाजला, मान खाली घालून मोजत राहिला. चहा पुरा प्यायलाही नाही.

फोन ठेवला आणि मग रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. अलीनाने दार लावून घेतलं. नव्व्याण्णव दिवस आत अडकलं होतं ते सगळं आलं. घरी आले तेव्हा डोकं दुखत होतं, पण भूक लागली होती. अंडं उकडून खाल्लं, पावाबरोबर. पुढच्या हिवाळ्यात त्या खोलीत नुसतं बटण फिरवायचं.

१४ फेब्रुवारी

माइरामचा फोन. दारावर कागद चिकटवलाय, प्रत्येक दारावर. म्हटलं, वाचून दाखव. म्हणाली, “कसा वाचू, एजे? पहिलाच शब्द सासऱ्यांचं नाव आहे.”

मी जाऊन वाचला. मोठ्या तारांखाली वस्ती आढळली. राहण्यास मनाई. तीस दिवसांत घर पाडून जागा मोकळी करावी. पुरावा म्हणून राहणाऱ्या बाईच्या हस्ताक्षराची प्रत सोबत जोडली आहे. वर फाटकावरचाच लाल नंबर, खाली तिसऱ्या मजल्यावरच्या विभागाचा शिक्का.

एकोणनव्वद दारं. एकाही नावात चूक नाही.